बाबांची एचएमटी रोज चार मिनिटं पुढे जाते, मागची काडी सरकवू का?

पहिले तर त्या काडीला हात लावू नका भाऊ, थोडं थांबा.

प्रश्न थोडक्यात असा की वडिलांची एचएमटी जनता कपाटातून निघाली, चावी दिल्याबरोबर चालू झाली पण रोज चार-सव्वाचार मिनिटं पुढे पळून राहिली, मागचं झाकण उघडलं तर बॅलन्सच्या (सारखं इकडून तिकडे फिरणाऱ्या चाकाच्या) वर प्लस-मायनसच्या मधात एक बारीक काडी, म्हणजे रेग्युलेटर, दिसली, व्हिडिओत कोणीतरी ती सरकवून घड्याळ बरोबर करते, तर आपण घरीच सरकवून टाकावी का नागपूरच्या सीताबर्डीवर घड्याळवाल्याकडे नेऊन दाखवावं.

सरकवली तर चारपाच दिवस बरोबर चालेलही, मी नाही म्हणत नाही. पण एक विचार करा ना, ती काडी काही आपल्या मनानं सरकत नाही. वडील रोज घालून ऑफिसला जात होते तेव्हा हेच घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं आणि मधात कोणी छेडछाड केली नसेल तर काडी तेव्हा जिथं होती तिथंच आज आहे. मग इतक्या वर्षांत बदललं काय ते पहिले शोधायचं. काडी सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याच वेळा तिची गरजच पडत नाही.

आता चार मिनिटं म्हणजे किती ते पाहा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके मारते, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. चार मिनिटं पुढे म्हणजे बाराशे ठोके जास्तीचे. टक्क्यात पाव टक्क्याच्या थोडं वर, ऐकायला काहीच नाही, पण मेकॅनिकल घड्याळात हा फरक भलताच मोठा आहे, कारण चांगली सर्व्हिस झालेलं पन्नास वर्षांचं घड्याळ दिवसाला वीस-तीस सेकंदांच्या आत आरामात राहते. स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे खास अचूक घड्याळाचं, जे सर्टिफिकेट असते त्यात दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद सरासरी लागते, पण ते नव्या मशीनसाठी, पंधरा दिवस पाच पोझिशनमध्ये (आडवं, उभं असं ठेवून) तपासून, त्याच्याशी आपली बरोबरी करायची नाही. वीस-तीस सेकंद आणि रोज साधारण तेवढेच, बस. रोज न चुकता २५ सेकंद पुढे जाणारं घड्याळ चांगलं, आज १० पुढे उद्या ४० मागे असं वाल्यापेक्षा, सरासरी दोघांची काहीही येवो.

चार मिनिटं पुढे म्हटलं की माझा पहिला संशय चुंबकावर. बॅलन्स व्हीलच्या वर जी केसासारखी गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते ना, हेअरस्प्रिंग, तिच्यात चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना ओढतात, चिकटतात, आणि स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते. लांबी कमी झाली की बॅलन्स भरभर हलते आणि घड्याळ पुढे. घड्याळ सापडल्यावर ठेवलं कुठं होतं ते आठवा जरा. ब्लूटूथ स्पीकरवर, फ्रिजवर, मोबाइलच्या त्या चुंबकवाल्या फ्लॅप कव्हरवर, टॅबलेटच्या कव्हरवर, लॅपटॉपच्या झाकणावर? आजकाल घरात जितके चुंबक आहेत तितके वडिलांच्या काळात नव्हते.

तपासायला साधं सुई असलेलं होकायंत्र घ्या, शाळेच्या प्रयोगवहीवालं मिळते ते चालते, मोबाइलवालं नको. घड्याळ चालू ठेवून काचेच्या जवळ हळूहळू फिरवा. सुई थोडी खेचली गेली तर घाबरायचं नाही, लोखंडी भाग आहेत आत तर खेचणारच. पण सुई एका जागी थरथरून राहिली, टिकटिकच्या तालावर, तर समजा स्प्रिंग चुंबकली. उपाय सोपा आहे, डिमॅग्नेटायझर म्हणून निळ्या रंगाचं प्लास्टिकचं डबं ऑनलाइन मिळते, महाग नाही. घड्याळ त्याच्या वर धरायचं, बटन दाबायचं, आणि बटन दाबूनच ठेवून घड्याळ सरळ वर हातभर लांब न्यायचं, हळूच, मग बटन सोडायचं. लोक काय करतात, घड्याळ डब्यावर ठेवलेलं असतानाच बटन सोडून देतात, त्यानं चुंबकत्व जाण्याऐवजी उलट पक्कं बसू शकते. दोन-तीन वेळा करा, आडवं उभं दोन्हीकडून. झाकणसुद्धा उघडायची गरज नाही. अर्ध्या लोकांचं काम इथंच होऊन जाते आणि त्यांना वाटते काहीतरी जादू झाली.

इथं काही फरक नाही पडला तर मग झाकण उघडायचं. तुम्ही उघडलंच आहे म्हणा, पण पुढच्या वेळी पंखा आणि कुलर बंद करून उघडा. नागपूरचा उन्हाळा आहे हे मान्य, जीव जाते कुलर बंद केला तर, पण कुलरची ओली हवा आणि त्याच्यासोबत येणारी धूळ दोन्ही सरळ मशीनमध्ये जातात. सकाळी लवकर करा. खाली पांढरा कागद अंथरा आणि कागदाखाली टॉवेल, म्हणजे एखादा स्क्रू पडला तर टप्पा खाऊन सोफ्याखाली जात नाही. प्रेसचं, म्हणजे दाबून बसवलेलं, झाकण असेल तर कडेला एक खाच असते तिथूनच, केस ओपनरनं, किचनमधल्या सुरीनं नाही. स्क्रूचं झाकण असेल तर रबराचा बॉल मिळते त्यासाठी, दाबून फिरवला की बहुतेक झाकणं सुटतात.

आता आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावा, पाच पटचा पुरे, दहा पटचा असला तर मजाच. आणि ती स्प्रिंग नुसती पाहत बसा, एक मिनिट, दोन मिनिटं, हात नाही लावायचा. चांगली स्प्रिंग असली की वेढे सगळीकडून सारख्या अंतरानं उघडतात आणि मिटतात, एकही वेढा दुसऱ्याला शिवत नाही. एकीकडे वेढे दाटून आले आणि दुसरीकडे मोकळे, तर स्प्रिंग वाकली आहे, घड्याळ कधीतरी पडलं असेल किंवा कोणाचा चिमटा लागला असेल. दोन वेढे तेलकट चमकून एकमेकाला चिकटलेले, नुकत्याच न्हालेल्या पोरीच्या ओल्या बटांसारखे, तर कोणीतरी तेल टाकताना हात सोडून टाकलं. चुंबकानं जे होते तेच तेलानं होते, लांबी कमी, घड्याळ पुढे. मग डिमॅग्नेटायझर कितीही फिरवा, ते तेल काही निघणार नाही, बॅलन्स काढून धुवावी लागते.

आणि एक जागा खास पाहायची. काडीच्या टोकाखाली दोन बारीक पिना असतात, स्प्रिंगचा सगळ्यात बाहेरचा वेढा त्या दोघींच्या मधून जातो. एकच वेढा जायला पाहिजे. झटका बसला की कधीकधी शेजारचा वेढापण त्यात अडकते आणि मग घड्याळ मिनिटांच्या हिशोबानं पुढे पळते. चार मिनिटं, दहा मिनिटं, काहीही. असं दिसलं तर समजा आजार सापडला, काडीचा काही दोष नाही. सोडवायला मात्र हात पक्का लागतो, सुईनं ओढायला गेले की स्प्रिंगचा घोळ होतो. आणि तुमच्या मशीनची स्प्रिंग आता कंपनीतून येत नाही. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगलोरला १९६१ साली जपानच्या सिटिझनसोबत सुरू झाला, जनताचं मशीन त्याच घराण्यातलं, डायलवर पॅराशॉक (झटक्यापासून बॅलन्स वाचवायची सोय) लिहिलेलं असते तेपण सिटिझनचंच. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. आता पार्ट म्हणजे दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढलेला पार्ट, आणि दुसऱ्याची हेअरस्प्रिंग या बॅलन्सला जमेलच असं नाही, दोन्ही जोडीनं जुळवलेल्या असतात.

यावरून आठवलं, ऑनलाइन जे रंगीबेरंगी डायलचे एचएमटी स्वस्तात मिळून राहिले, गुलाबी, पोपटी, मधात मोठं काहीतरी छापलेलं, ते बहुतेक अशीच जोडतोड असते. मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून काढलेलं, तेलाचा पत्ता नाही, बॅलन्स एकाची, तिला वरून धरणारी पट्टी दुसऱ्याची. ते घड्याळ काडीनं बरोबर करत बसू नका, डोकं फिरेल. तुमचं वडिलांचं आहे, एका हातात राहिलेलं आहे, त्याची गोष्ट वेगळी.

समजा चुंबक नाही, स्प्रिंग छान श्वास घेते, वेढा एकच आहे. आता मोजायचं. रोज एकाच वेळी पूर्ण चावी द्या, सकाळी चहाच्या वेळी द्या म्हणजे लक्षात राहते. आणि चावी "जास्त" बसून घड्याळ बिघडत नाही बरं का, लागली की थांबायचं, एवढंच. मोबाइलचा टाइम ऑटोमॅटिकवर ठेवून सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा, हातातल्या घड्याळाचा सेकंद काटा बारावर आला की मोबाइलमध्ये किती झाले ते वहीत लिहा. जुन्या मशीनमध्ये चावी ओढली तरी सेकंद काटा बहुधा थांबत नाही त्यामुळे सेकंदाला सेकंद मिळवायच्या भानगडीत पडू नका, फरक लिहायचा फक्त. कालचा फरक आणि आजचा फरक, त्यातलं अंतर म्हणजे दिवसाची चूक.

मग पोझिशन. डायल वर, डायल खाली, चावी खाली, चावी वर, प्रत्येकात बारा-बारा तास, दर वेळी पूर्ण चावी देऊन सुरू करायचं. लोक हे गाळतात आणि इथंच सगळं कळते. समजा डायल वर अधिक १५ आलं, डायल खाली अधिक १८, आणि चावी खाली उणे ५०. दोन्ही आडव्या पोझिशन जवळजवळ सारख्या आहेत, चांगलं आहे, उभ्यात मार खाऊन राहिलं. आता तुम्ही काडी प्लसकडे सरकवली तर उभ्याचं भरून निघेल पण आडव्याचं मिनिटाच्या वर पुढे जाईल. काडी सगळे आकडे एकसाथ वर किंवा खाली नेते, त्यांच्यातलं अंतर ती कमी करत नाही. हे एक वाक्य कळलं तर अर्धं रेग्युलेशन कळलं. अंतर जास्त आहे म्हणजे आत घर्षण आहे, तेल सुकलं आहे, बॅलन्सच्या आसाची टोकं झिजली आहेत, किंवा त्या दोन पिनांच्या मधली फट जास्त झाली. फट जास्त असली आणि बॅलन्स अशक्त हलत असली की स्प्रिंग पिनांना धड शिवतच नाही, मधल्यामधे डुलते, लांबी वाढल्यासारखी होते आणि घड्याळ मागे पडते.

दोन आडव्यांतच मोठा फरक निघाला, डायल वर ठीक आणि डायल खाली भलतंच, तर एका बाजूच्या टोकाचं काम आहे, तिथला जूल (टोक ज्यात फिरते तो छोटा खडा) मळला आहे किंवा टोक चपटं झालं. हे घरी होत नाही.

मोबाइलवर टाइमग्राफरचे, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारे, ॲप मिळतात, वापरा, पण इयरफोनचा माइक झाकणाला चिकटवून आणि कपड्यांच्या कपाटात ठेवून, नाहीतर ते पंख्याचा आवाज ऐकत बसते. ॲपला तासाला १८,००० सांगा. त्यात तीन आकडे येतात. दिवसाला किती सेकंद हा एक, त्याला काही अडचण नाही. दुसरा ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स मधल्या जागेपासून एकेका बाजूला किती अंश फिरते. पूर्ण चावीवर आडव्यात २७० ते ३०० अंश म्हणजे तब्येत एकदम छान, जुन्यात २४०-२५० पण चालते, २०० च्या खाली गेलं तर सर्व्हिसला न्या, चर्चा नको. पण हा आकडा लिफ्ट अँगलवर (एका ठोक्यात बॅलन्सला धक्का मिळताना ती जितके अंश फिरते त्यावर) अवलंबून असते, ॲप बहुधा ५२ धरते, तुमच्या मशीनचा वेगळा असेल तर ॲम्प्लिट्यूड चुकीचा दाखवते, सेकंदाचा आकडा मात्र त्यानं बदलत नाही. म्हणून ॲम्प्लिट्यूडचा नुसता आकडा पाहून रडायचं नाही, चोवीस तासांनी किती पडला ते पाहायचं.

यातली एक गंमत सांगतो, ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी. बॅलन्सला एका बाजूला जरासं वजन जास्त असलं तर उभ्या पोझिशनमध्ये चूक येते, आणि ॲम्प्लिट्यूड २२० अंशाच्या आसपास असला की ती चूक नाहीशी होते, त्याच्या वर गेलं की एका दिशेनं, खाली आलं की बरोबर उलट दिशेनं. जड बाजू खाली असली तर २२० च्या खाली घड्याळ पुढे जाते, २२० च्या वर मागे. म्हणजे तेच घड्याळ सकाळी चावी दिल्यावर चावी-खाली पोझिशनला मागे पडते आणि रात्री तिथंच पुढे जाते. असं दिसलं की लोकांना वाटते घड्याळाला भूत लागलं. भूत नाही, वजन आहे.

तिसरा आकडा बीट एरर, मिलिसेकंदात. टिक आणि टॉक सारख्या अंतरानं पडतात का ते. एकच्या आत सुंदर, जुन्यात दोनपर्यंत मी सोडून देतो. घरी तपासायची सोपी पद्धत म्हणजे पूर्ण थांबलेल्या घड्याळाला दोन-तीन फेऱ्या चावी द्या, न हलवता आपोआप सुरू झालं तर बीट बरं आहे. काही मशीनमध्ये हे सरकवायला दुसरी एक काडी असते, जिला स्प्रिंगचं बाहेरचं टोक जोडलेलं असते. लोक नेमकी तिलाच रेग्युलेटर समजून सरकवतात आणि बीटचा सत्यानाश करतात. पिना जिच्याखाली आहेत ती रेग्युलेटर, स्प्रिंगचं टोक जिच्यात पक्कं बसलं आहे ती दुसरी. पाहून घ्या, मग हात लावा.

आता सगळं तपासून झालं, आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, मिनिटाच्या आतलं काहीतरी उरलं आहे, तर आता काडी. घड्याळ चालू असताना, लाकडी टोकदार काडीनं, चांगली टूथपिक चालते, लोखंडी स्क्रूड्रायव्हर नाही कारण निसटला की सरळ स्प्रिंगमध्ये. कोपर टेबलवर, मनगट टेबलवर, श्वास सोडून. पुढे जात असेल तर मायनसकडे, मागे पडत असेल तर प्लसकडे, स्विस घड्याळात ए आणि आर असते, ए म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे, काहींवर एफ आणि एस. किती सरकवायची? तुम्हाला वाटते त्याच्या चौथाई. डोळ्याला सरकल्यासारखी दिसली म्हणजे जास्त सरकली. टोकाला हलकं ढकलून सोडायचं, आयग्लासमधून स्प्रिंग पुन्हा पाहायची की पिनांत मोकळी आहे का, कुठं ओढली तर नाही गेली. झाकण नुसतं वर ठेवून एक पूर्ण दिवस चालू द्या. लगेच ॲप लावून पुन्हा सरकवू नका, त्या पाच मिनिटांच्या आकड्याला काही अर्थ नसते.

आणि शेवटचे दहा-पंधरा सेकंद काडीनं काढायला जाऊच नका, ते रात्री काढायचे. तुमच्याकडे पोझिशनचे आकडे आहेत ना आता, दिवसभर हातात पुढे गेलं तर रात्री ज्या पोझिशनमध्ये मागे पडते तसं ठेवा, चावी खाली करून पुस्तकाला टेकवून. फुकटचं रेग्युलेशन. जुने लोक हे करायचे, आणि सकाळी घड्याळ बरोबर.

उन्हाळ्याचं काय, हा नागपुरात येणारच प्रश्न. मे महिन्यात ४५ च्या वर आणि डिसेंबरच्या पहाटे १०. फार जुन्या घड्याळात साधी पोलादाची स्प्रिंग असायची, तिला साधी बॅलन्स जोडली तर एका डिग्रीमागे दिवसाला दहा-अकरा सेकंदांचा फरक पडते, म्हणून तेव्हाच्या चांगल्या घड्याळांची बॅलन्स दोन धातूंची, रिम कापलेली असायची. मग गिओम नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं निकेल आणि पोलादाचे मिश्रधातू काढले, त्यालाच १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यातून जी स्प्रिंग आली तिला गरमीचं फारसं काही वाटत नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या मनगटी घड्याळांत हीच जात असते. तरी तेल पातळ-घट्ट होते, थोडा फरक राहतेच, आणि हातात असताना घड्याळ अंगाच्या गरमीवर चालते त्यामुळे बाहेर ४५ असो का १०, तितकं जाणवत नाही. टेबलवर काढून ठेवलेलं घड्याळ जास्त भरकटते. खरा धोका घामाचा आणि कुलरच्या दमट हवेचा, जुन्या झाकणाचं रबर कडक झालेलं असते. काचेच्या आत एकदा जरी धुकं दिसलं तर त्याच दिवशी उघडून सुकवायला न्या, गंजलेला स्क्रू मोडला की मग खर्च पाहा.

सर्व्हिसला द्यायची वेळ आली तर बर्डी, इतवारी, महाल कुठंही जा, हात चांगला असलेली माणसं आहेत अजून, पण देताना विचारून घ्या. मशीन पूर्ण खोलणार का नुसतं बुचकळून काढणार? मेनस्प्रिंगचा (चावी दिली की आवळते त्या स्प्रिंगचा) डबा उघडणार का? बॅलन्सच्या टोकावरचे जूल वेगळे काढून तेल देणार का? बॅलन्सच्या टोकांना पातळ तेल लागते, मोबियस ९०१० सारखं, आणि जिथं जोर जास्त तिथं घट्ट, एकाच बाटलीतलं सगळीकडे नाही चालत, आणि शिलाई मशीनचं तर बिलकूलच नाही. विचारल्यावर चिडला तर दुसरीकडे जा. टायमिंग मशीन असेल तर काम झाल्यावर डायल वर आणि चावी खाली, दोन्हीचे आकडे समोर दाखवा म्हणा.

सर्व्हिस होऊन आल्यावर पहिले काही दिवस आकडा जरा इकडेतिकडे होते, तेल बसते, नवीन मेनस्प्रिंग टाकली असेल तर जोर वाढलेला असते. तेवढे दिवस नुसतं घाला आणि वहीत लिहा. काडी सरकवायची असेल तर त्याच्यानंतर, त्या आकड्यांवरून.